एन्टर कोणी दाबलं

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक माझं, दुसरं तोफेचं. तिच्या आईबापांनी तिचं नाव एका नाजूक फुलावरून ठेवलं होतं. आईबापांनाही चुका करायचा अधिकार असतो. तोफ हे नाव मी ठेवलं आणि ते तिच्या कानावर जायला एक आठवडाही लागला नाही. दार उघडून तिने मला जिन्यातच गाठलं.

"काय हो चष्मेवाले, मला तोफ म्हणता म्हणे."

मी म्हटलं, "कौतुकाने म्हणतो."

"मग ठीक आहे. तोफेच्या तोंडासमोर कोणाचं दार आहे तेवढं ध्यानात ठेवा."

तेव्हापासून मी तिला तोंडावरही तोफच म्हणतो आणि ती मला चष्मेवाले. माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून. आमची ही म्हणते की एवढी भांडणं तर आपल्या नवराबायकोतही होत नाहीत. नवराबायकोत होत नाहीत कारण तिथे मला बोलायला मिळत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

तोफेचा नवरा लेक लहान असतानाच गेला. त्यानंतर ती पाणीपुरवठा कंपनीत लागली, आधी तक्रारींच्या खिडकीवर आणि मग कॉम्प्युटर आले तसं त्यांच्यासमोर. लेकीचं नाव बेबी. ही गोष्ट घडली तेव्हा बेबी स्वतः आई व्हायच्या बेतात होती तरी बेबीच. तिला तोफेने शिकवलं, वाढवलं, खाऊपिऊ घातलं आणि हे सगळं करताना तिच्यावर अखंड ओरडत राहिली. त्या घरात प्रेम आवाजाच्या मापाने मोजायचे. ज्या दिवशी तोफ हळू बोलेल त्या दिवशी डॉक्टरला बोलवायचं, असं बेबी लहानपणी मला सांगायची.

तोफेचं टेबल म्हणजे नळ बंद करायचं टेबल. भानगड अशी की कंपनीचे तपासनीस घरोघरी मीटर बघायला जातात. एखादं घर सारखं बंद सापडलं, किंवा आतून "नंतर या" असं उत्तर आलं, की ते घर तोफेच्या स्क्रीनवर येतं. ती नाव बघते, पत्ता बघते आणि एन्टर दाबते. नवीन मीटर असे आहेत की इकडे एन्टर दाबलं की तिकडे नळ बंद. माणूस पाठवावा लागत नाही. बंद झाल्याचा निरोप घरमालकाच्या मोबाइलवर जातो आणि त्याच्या खाली आदेश देणाऱ्याचं नाव असतं. म्हणजे तोफेचं.

पण काही घरांपाशी प्रोग्रॅम अडतो. स्क्रीनवर लाल चौकट येते. या घरात आजारी माणूस आहे, तरी बंद करायचे का? हो म्हणायचं तर एन्टर, नाही तर एस्केप. लाल चौकट आली की तोफ दोन्ही बटणांवरून हात काढून फोन उचलायची. फोनवर ती ज्या आवाजात बोलते तो ऐकून एखादा आजारी अंथरुणातून उठून स्वतः मीटर दाखवायला आला असेल, तर मला नवल वाटणार नाही.

"काय हो, दार उघडायला काय होतं तुम्हाला? तपासनीस काय तुमची भांडीकुंडी उचलून नेणार आहे? झोपला होतात? भर दुपारी? बरं, बाबांची तब्येत कशी आहे. जेवतात का. उद्या माणूस पाठवते, दार उघडलं नाहीत तर मी स्वतः येईन."

मग एस्केप. असं एकेक घर. काम साचायचं, ते खरं आहे. पण तिच्या टेबलावरून कुठल्याही आजाऱ्याचं पाणी कधी तुटलं नाही.

मग त्यांच्याकडे नवे साहेब आले. नव्या साहेबांना साचलेलं काम दिसलं, काम का साचतं ते दिसलं नाही. माझ्या दुकानात अशी गिऱ्हाइकं रोज येतात. लांबचं स्वच्छ दिसतं, नाकासमोरचं नाही. फरक इतकाच की ती नंबर काढून घेतात. साहेबांनी ठरवलं की बटणं दाबायला माणूस कशाला, संध्याकाळी ऑफिस सुटलं की सगळी घरं एकगठ्ठा यंत्रानेच उरकावीत. याला त्यांच्यात बॅच म्हणतात. अडचण एकच होती. प्रोग्रॅम जुना. समोर माणूस बसणार, वाचणार, बटण दाबणार, असं धरून बांधलेला. बटण दाबल्याशिवाय तो जागचा हलत नाही. नवा करायचा तर वेळ लागणार, आणि साहेबांना वेळ नव्हता. म्हणून युक्ती काढली. माणूस बटणं कशी दाबतो ते एकदा टिपून ठेवायचं आणि मग यंत्राने तीच बटणं, त्याच क्रमाने, प्रत्येक घरासाठी दाबत सुटायचं. प्रोग्रॅमला वाटतं, समोर माणूस बसलाय.

मला हे समजायला वेळ लागला नाही, कारण हा प्रकार मी ओळखतो. चालकाचा परवाना हवा असलेली काही मंडळी डोळे तपासायला येताना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं पाठ करून येतात. दिसत काही नसतं, पण घडाघडा म्हणून दाखवतात. मी तक्ता बदलला तरी जुनीच अक्षरं म्हणतात. बॅच म्हणजे तसलं गिऱ्हाईक. आणि त्याच्या हातात गाडी द्यायची.

हे काम बाहेरच्या एका संस्थेला मिळालं आणि त्या संस्थेने पाठवलं कोणाला, तर तोफेच्या जावयाला. योगायोग वगैरे काही नाही. जावईबापूंनी आपल्या ऑफिसात सांगितलं होतं की तिथे आमच्या घरचंच माणूस आहे, मला जाऊ द्या.

आता जावयासमोर तोफ काय होते ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. तोफेची गुलाबदाणी होते. "जावईबापू, बसा ना. जावईबापू, तुम्हाला वारा लागतोय का." एवढ्या हळू आवाजात की मला दाराशी येऊन उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे ऐकू येतं. बेबीशी तो नीट वागतो, एवढ्याच गोष्टीसाठी ती त्याच्यापुढे वाकून असायची. माणूस वाईट नाही. गोरागोमटा, हुशार, सदा घाईत. कानात मोबाइलचे ते दोन बोळे कायम घातलेले. आपण बोललो की हसून मान डोलावतो. आपल्याला वाटतं ऐकलं.

तो तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला. "आई, तुम्ही रोजच्यासारखं काम करा. मी नुसतं टिपून घेतो." तिने काही घरं करून दाखवली. त्यात एक लाल चौकटीचं निघालं. त्या घरी ती सकाळीच फोनवर बोलली होती. आजारी म्हातारे दुसऱ्या मुलाकडे राहायला गेले होते, घर रिकामं होतं, आणि नळ बंद करा म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. म्हणून तिने लाल चौकटीवर एन्टर दाबलं. दाबताना म्हणालीसुद्धा, "हे घर रिकामं आहे हो, म्हणून दाबतेय. एरवी मी फोन केल्याशिवाय दाबत नाही."

जावईबापूंनी मान डोलावली. कानात बोळे होतेच.

मग तो म्हणाला, "आई, बॅच कोणाच्या तरी नावाने चालवावी लागते. नवं नाव काढायचं म्हणजे अर्ज, मंजुरी, सगळं आलं. तुमचा पासवर्ड देता का तोपर्यंत?"

दुसऱ्या कोणी मागितला असता तर त्याचे सात पूर्वज तिने त्याच खुर्चीत बसवले असते. पण मागणारा जावई होता. तिने सांगून टाकला.

बॅच पहिल्यांदा चालली त्या संध्याकाळी तोफ माझ्याशी भांडत होती. विषय माझं चपलांचं कपाट. ते जिन्यात अर्ध्या हाताने पुढे आलंय असं तिचं म्हणणं, आणि अर्धा हात कोणाचा धरायचा असं माझं. वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली, खालची वर आली. शेवटी कपाट होतं तिथेच राहिलं. त्याच वेळी तिकडे रिकाम्या ऑफिसात, बंद दिव्यांखाली, तोफेच्या नावाने यंत्र एन्टर मारत बसलं होतं. साधं घर आलं, एन्टर. लाल चौकट आली, एन्टर. टिपलेल्यात तसंच होतं ना. त्याला कुठे फोन करायचा होता.

सकाळी ती ऑफिसला निघायच्या आत जिन्यात पावलं वाजली. आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर असते ती बाई वर आली. आम्हा दोन्ही घरांना रोज पाव देणारी. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या एका हातात मोबाइल होता, दुसऱ्या हातात बांधलेली मोठी पिशवी. वास माझ्या दारापर्यंत आला.

"ताई, हे नाव तुमचंच ना?" तिने मोबाइल तोफेच्या डोळ्यांसमोर धरला.

तोफेने वाचलं. "माझंच आहे."

"माझ्या नवऱ्याला कूस बदलता येत नाही. काल संध्याकाळपासून घरात थेंब नाही. शेजाऱ्यांकडून किती आणू, त्याला प्यायला देऊ की त्याचं धुऊ? तपासनीस येतो तेव्हा मी कामावर असते. तो काय उठून दार उघडणार आहे? तुमच्यासाठी मी रोज मऊ पाव बाजूला काढून ठेवते, ताई. माहीत नव्हतं कोणासाठी ठेवतेय."

तोफ गप्प आहे हे बघून मीच घाबरलो.

बाईने पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "या त्याच्या चादरी. पाणी तुमच्या नावाने गेलंय, तर तुम्हीच धुवा." आणि जिना उतरून गेली. मागे वळून बघितलं नाही.

आता हे मी नाही केलं, मला काही माहीत नाही, असं म्हणायची सोय तोफेला होती, आणि ते खरंही होतं. तिने ती पिशवी उचलली. तासभर तिच्या मोरीत चादरी आपटल्याचा आवाज येत होता. मी जिन्यातल्या भिंतीला हात लावून बघितला, हलत होती. ती कोणाला आपटत होती ते मला तेव्हा कळलं नाही, तिलाही कळलं नसेल. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "चष्मेवाले, पाण्याचे कॅन उचला." मी म्हटलं, माझी कंबर. ती म्हणाली, "कंबर जिभेइतकी वापरली असती तर धड राहिली असती." उचलले. बेकरीवाल्या बाईच्या घरी नेऊन ठेवले. पलंगावरच्या त्या माणसाने माझ्याकडे बघून हात जोडायचा प्रयत्न केला, त्याचा एकच हात वर आला. मला इतका राग आला की घरी येऊन मी आमच्या हिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "मी काय केलं?" खरंच तिने काही केलं नव्हतं. राग असाच पत्ता चुकतो.

ऑफिसात तर आग लागली होती. जेवढी म्हणून लाल चौकटीची घरं यादीत होती तेवढी सगळी एका संध्याकाळात कोरडी पडली होती. आणि वर गंमत अशी की बॅचला बंद करता येत होतं, उघडता येत नव्हतं. उघडायचा स्क्रीन वेगळा, तो कोणी टिपलाच नव्हता. म्हणजे यंत्राने एका दमात बंद केलेली घरं तोफेने एकेक करून हाताने उघडली. प्रत्येक घरी फोन केला. त्या आठवड्यात तिने आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या एवढ्या शिव्या खाल्ल्या. तिलाच म्हणे. शिव्यांच्या बाबतीत जी आजवर नुसती घाऊक पुरवठादार होती.

साहेब त्या आठवड्यात बाहेरगावी होते. परत आले ते एक टाइप केलेला कागद घेऊनच. माफीनामा. "नजरचुकीने व निष्काळजीपणाने माझ्या हातून" असं सुरू होणारा. सही केली तर प्रकरण इथेच मिटेल, तोफ मुदतीआधी घरी बसेल, बभ्रा होणार नाही. नाही केली तर चौकशी. सिस्टिममध्ये नोंद स्पष्ट आहे, नाव तुमचं, बटण तुमचं.

रविवारी जावईबापू आणि बेबी आले. मी काही कान लावून बसलो नव्हतो. त्यांचं दार उघडं होतं, आणि माझे कान जन्मापासून उघडे आहेत.

"आई, नुसती सही तर करायची आहे," जावई म्हणत होता. "तुमची नोकरी तशीही संपत आली. माझ्यावर आलं तर मला परत कोणी उभं करणार नाही. बेबीचे हे दिवस, आता कुठे जाऊ मी?"

"तुम्ही चौकट बघितली नव्हती का, जावईबापू?" गुलाबदाणीच अजून. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"घाई होती हो. साहेब रोज विचारायचे, झालं का, झालं का."

बेबी नुसती पोटावर हात ठेवून बसली होती, आणि आईला गप्प करायला तेवढं पुरेसं होतं.

"ठेवून जा," तोफ म्हणाली. "उद्या करते सही. आत्ता चष्मा सापडत नाहीये."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. ती मंडळी गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि कागद माझ्यापुढे धरला. "वाचा."

"तुम्हाला वाचता येतं की."

"मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचायला लागलो. "लाल सूचना दिसत असूनही मी निष्काळजीपणाने पुढील आदेश दिले," इथवर आलो आणि माझाच आवाज चढला. मी आयुष्यभर या बाईची टिंगल केली आहे, पुढेही करणार आहे, पण खोटी टिंगल कधी केली नाही. हे खोटं होतं, शुद्ध मराठीत टाइप केलेलं.

"करा सही," मी म्हटलं. "जावयाला सांभाळा, साहेबाला सांभाळा, आणि घरी बसा."

"घरी बसून काय करू? तुमच्याशी भांडू?"

"ते तर तुम्ही नोकरी सांभाळूनही करता."

ती हसली नाही. दारातच उभी राहिली. "घरी बसायचं मला काही नाही हो. पण यात लिहिलंय की मी ती चौकट वाचली. वाचली, त्या घरात माणूस पडून आहे हे कळलं, आणि तरी बटण दाबलं. मी. ज्या बाईने चादरी आणून टाकल्या तिला वाटतं तेच यात लिहिलंय. तिचं वाटणं मी समजू शकते. हे मी माझ्या हाताने लिहून देऊ?"

"नका देऊ."

"आणि बेबी?"

मी कागदाची घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तयार होऊन दार वाजवत होती. "चष्मेवाले, दुकान उशिरा उघडा. माझ्याबरोबर चला."

"मी कशाला?"

"साक्षीला. त्या संध्याकाळी मी तुमच्याशी भांडत होते ना?"

सहीसाठी साहेबांनी त्या सकाळी सगळ्यांनाच बोलावलं होतं, आणि अशा रीतीने माझ्या चपलांचं कपाट चौकशीपर्यंत जाऊन पोचलं. काचेची खोली, लांब टेबल, पाण्याने भरलेला जग. ते पाणी बघून मला बेकरीतल्या बाईचा नवरा आठवला आणि माझं डोकं पुन्हा तापलं. टेबलामागे साहेब, त्यांच्या शेजारी कर्मचारी विभागाच्या एक पोक्त बाई, आणि कोपऱ्यात लॅपटॉप उघडून जावईबापू.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझे शेजारी. बॅच चालली तेव्हा मी जिन्यात यांच्याशी भांडत होते. अख्खी इमारत ऐकत होती."

"भांडणाचा इथे काय संबंध?"

"एका वेळी मी एकाच ठिकाणी असते, साहेब. तिथे मी यांचं कपाट हलवत होते, मग इथे एन्टर कोणी दाबलं?"

कर्मचारी विभागाच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खरं आहे. कपाट मात्र हललं नाही."

साहेब म्हणाले, सिस्टिमवर नाव तुमचं आहे, नियमाप्रमाणे नाव ज्याचं जबाबदारी त्याची, पासवर्ड दुसऱ्याला देणं हाच मुळात गुन्हा. शेवटचं खरंच होतं. तोफ म्हणाली, "पासवर्ड मी दिला. ती माझी चूक, त्याची शिक्षा द्या. पण चादरीची शिक्षा मी घेणार नाही." मग कोपऱ्याकडे वळली. "जावईबापू, तुम्ही सांगताय का काय झालं ते?"

जावई लॅपटॉपमध्ये बघत राहिला.

"सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

"आई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आपण हे घरी बोलू ना."

आणि तोफ उडाली. पंधरा वर्षं मी तिच्या तोंडासमोर राहतोय, पण असा बार मी ऐकला नव्हता.

"घरी तू माझा जावई. घरी तुला गरम गरम वाढीन, तुझ्या ताटात दोन घास जास्त घालीन. इथे तू माझं नाव उचलून नेलेला माणूस आहेस. कानातलं काढ. उठून उभा राहा आणि बोल. त्या बाईचा नवरा रात्रभर स्वतःच्या घाणीत पडून होता आणि खाली नाव माझं होतं. तुझं नाही, यांचं नाही, माझं."

त्याने कानातले बोळे काढले. टेबलावर ठेवले. आणि बोलला. सगळं बोलला, टिपणं कसं केलं ते, पासवर्ड कसा मागितला ते, आणि आणखी एक गोष्ट जी तोफेलाही माहीत नव्हती. आधी थोड्या घरांवर चालवून बघू, त्यात लाल चौकटीची घालू, असं त्याने साहेबांना म्हटलं होतं. साहेब म्हणाले होते, कशाला, तुमच्या सासूबाईंनी करून दाखवलंय ना.

साहेबांनी समोरच्या जगमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि प्यायले. "हा फार तांत्रिक विषय आहे," ते म्हणाले. मला त्या क्षणी तो जग त्यांच्या डोक्यावर रिकामा करावासा वाटला. अजूनही वाटतं.

त्या बैठकीचा शेवट मात्र बघण्यासारखा झाला. साहेब म्हणाले, ठीक आहे, यापुढे लाल घरं वगळून बॅच चालवू.

"चालवा की," तोफ म्हणाली. "कोणाच्या नावाने?"

"तुमच्या नको असेल तर एखादं सर्वसाधारण नाव देऊ. सिस्टिम म्हणून."

कर्मचारी विभागाच्या बाईंनी चष्मा पुसत सांगितलं की तसं चालत नाही, निरोपाखाली कंपनीच्या माणसाचं नाव लागतंच, तसा नियम आहे. (चष्म्याची एक काडी सैल होती. बैठक संपल्यावर मी त्यांना दुकानाचा पत्ता दिला.)

"मग साहेबांचं घाला," तोफ म्हणाली. "बॅच यांची, कल्पना यांची. लोकांना कळू दे कोणाकडे यायचं चादरी घेऊन."

साहेबांनी जावयाकडे बघितलं, जावयाने बाईंकडे, बाईंनी कागदाकडे. मग साहेबांना एकाएकी आठवलं की बॅचचा अजून सखोल अभ्यास व्हायला हवा. तो अभ्यास अजून चालू आहे. इतक्या झटपट उरकणारं यंत्र, पण त्याला उसनं नाव द्यायला त्या अख्ख्या इमारतीत एक माणूस तयार झाला नाही. प्रत्येक खात्यात विचारून झालं. तोपर्यंत एकेक घर तोफच करते, फोन लावून, ओरडून. काम साचतं.

पासवर्ड दिल्याबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने घरात टांगली नाही एवढंच. जावयाला त्या कामावरून काढलं, त्याच्या संस्थेनेही काढलं. साहेबांना काय झालं विचाराल, तर काही नाही. बढती मिळाली. माणूस चिडणार नाही तर काय करणार? मी हे सांगायला लागलो की आमची ही पंखा जोरात करते.

आईने सही न करताच माफीनामा फाडून टाकल्याचं नवऱ्याकडून कळल्यावर बेबी आली. आईचीच लेक, जिन्यातूनच सुरू झाली.

"तुला एक सही करायला काय झालं होतं? तुझं सगळं झालं होतं ना करून? माझं सुरू व्हायचंय अजून."

"खोटी सही करू?"

"माझ्यासाठी एक खोटी सही. आयुष्यभर ओरडलीस माझ्यावर, म्हटलं प्रेमच आहे ते. मग जेव्हा खरंच काही करायची वेळ आली तेव्हा नाव आठवलं तुला स्वतःचं."

"तोच नाव घेऊन गेला माझं. विचारून बघ त्याला, झोप लागते का."

"लागत नाही. म्हणून तर आले."

त्या शेवटच्या वाक्यावर तोफेचं तोंड उघडं राहिलं, पण तोवर बेबी खाली उतरली होती, एका हाताने कठडा धरून, सावकाश. तोफ कठड्यावरून वाकून ओरडली, "पायऱ्या बघून उतर."

जावयाला आता दुसरीकडे काम लागलंय, पहिल्यापेक्षा लहान. बेबीला मुलगी झाली. आईला कळवलं नाही. मला कळवलं, आणि मी तोफेला. फोन माझ्या दुकानात येतो, बहुतेक दुपारी, गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं असताना.

"काका, आई कशी आहे?"

"तूच विचार की."

"मी नाही विचारणार. तुम्ही सांगा. गुडघा कसा आहे? औषध घेते का?"

संध्याकाळी तोफ मला जिन्यात अडवते, जणू कपाटाविषयीच काही बोलायचंय. "फोन आला होता का कोणाचा?" मी म्हणतो, कोणाचा? ती म्हणते, "कोणाचा म्हणजे, गिऱ्हाइकांचा." असं किती दिवस चालायचं? परवा बेबीचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो आणि माझी सहनशक्ती संपली. मी फोन हातात घेऊन सरळ समोरचं दार ठोकलं.

"मी काय पोस्टमन आहे का तुमचा? घ्या. लेकीचा फोन आहे. नात रडतेय मागे, ऐका."

तोफेने फोनकडे बघितलं. हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला. मग फोनपर्यंत स्वच्छ जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तिला सांगा, मी घरात नाही."

फोनमधून त्याहून मोठा आवाज आला. "तिला सांगा, मी फोन केलेलाच नाही."

कोणीही फोन ठेवला नाही. मागे पोर रडत होतं, चांगलं खणखणीत, आणि मी दोघींच्या मधे हात लांब करून उभा होतो.